‘कांदे कसे दिले?’ : इंग्रजीत भाव सांगताना काळ का चुकतो आणि तो दुरुस्त कसा करायचा

भाजीवाल्यासमोर उभं राहून आपण विचारतो, “कांदे कसे दिले?” त्याने अजून काही दिलेलं नसतं, आपण पिशवीसुद्धा उघडलेली नसते, तरी क्रियापद भूतकाळी. तो म्हणतो, “तीसने लावलेत.” आपण दोन किलो घेतो, वर कोथिंबिरीची जुडी घेतो आणि विचारतो, “किती झाले?” पुन्हा भूतकाळ. पैसे अजून खिशातच असतात. घरी गेल्यावर सासूबाई विचारतात, “कितीला पडले?” या तिघांतलं खरोखर घडून गेलेलं हे एवढंच. आधीच्या दोन्ही ठिकाणी व्यवहार व्हायचा होता, पण मराठीला तो झालेलाच दिसत होता.

बाजारात याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते हीच सवय घेऊन आपण इंग्रजी मेल लिहायला बसतो तेव्हा.

मी पिंपळगाव बसवंतला एका कांदा निर्यातदाराकडे मेल, कोटेशन आणि बिलांचं काम बघते. कामाला लागून वर्ष झालं असेल तेव्हाची गोष्ट. कोलंबोच्या एका पार्टीशी शेठचं फोनवर बोलणं झालं होतं. शेठ गाडीतून म्हणाले, “ताई, त्यांना लिहून टाका, आपला ठरल्याप्रमाणे ४८० डॉलर होता, तेवढ्यालाच देऊ.” मी घाईत लिहिलं, “ॲज डिस्कस्ड, अवर प्राइस वॉज ४८० डॉलर्स पर टन.” पुढचं ‘तेवढ्यालाच देऊ’ राहून गेलं, कारण मला वाटलं पहिल्याच वाक्यात सगळं आलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, “अँड व्हॉट इज युवर प्राइस नाऊ?” म्हणजे समोरच्याने माझ्या ‘वॉज’चा अर्थ असा घेतला होता की ४८० हा कालपर्यंतचा भाव, आज तो मोडला. आम्ही खुलासा करेपर्यंत त्याने आणखी दोन ठिकाणी चौकशी केली होती, आणि शेवटी ४७५ वर यावं लागलं. त्या कंटेनरात २८ टन माल होता. टनामागे ५ डॉलर म्हणजे १४० डॉलर एका ‘वॉज’चे.

शेठ रागावले नाहीत, पण महिनाभर ऑफिसात कुणी “होता” म्हणालं की हसायचे.

आधी रोग कुठे आहे ते बघू

‘होता’, ‘झाले’, ‘पडले’, ‘दिले’, ‘लावलेत’ ही मराठीतली रूपं दिसायला भूतकाळाची असली तरी भावाच्या बोलण्यात ती बऱ्याचदा ‘ठरलं, पक्कं झालं’ एवढंच सांगतात. भाव फुटला म्हणजे संपला असं नाही, उलट सुरू झाला. इंग्रजीचं तसं नाही. इंग्रजीत किंमत साध्या भूतकाळात टाकली की ऐकणाऱ्याला वाटतं, ही किंमत मागे पडली. आपण ‘पक्की’ म्हणून दिलेली गोष्ट त्याला ‘शिळी’ वाटते.

म्हणून मराठी वाक्यातल्या क्रियापदाचं रूप बघून इंग्रजी काळ ठरवूच नका. वाक्यातल्या भावाला एक प्रश्न विचारा : आज, आत्ता, या भावाने माल मिळेल का?

मिळत असेल तर वर्तमानकाळ. ठरणं काल झालं असेल, परवा झालं असेल, त्याने फरक पडत नाही. माझ्या मेलमध्ये दोन गोष्टी होत्या : बोलणं, जे कालचं होतं, आणि भाव, जो आजचाही होता. मी दोन्हींना एकाच खुंटीला टांगलं. बरोबर वाक्य असं हवं होतं : “ॲज वी अग्रीड यस्टरडे, अवर प्राइस इज ४८० डॉलर्स पर टन.” अग्रीड भूतकाळात, इज वर्तमानात. एका वाक्यात दोन काळ आले म्हणून घाबरायचं कारण नाही.

इथे शाळा आडवी येते. अप्रत्यक्ष कथनाचा नियम आपल्याला घोटून घेतलेला असतो : ‘ही सेड’ आलं की पुढचं सगळं एक पायरी मागे. म्हणून “ही सेड द प्राइस वॉज ४८०” असंच हाताला येतं. व्याकरणाने ते चूक नाही. पण भाव अजून चालू असेल तर “ही सेड द प्राइस इज ४८०” हेही तितकंच शुद्ध आहे, आणि व्यवहारात तेच लिहावं. जिथे पैसे अडकलेत तिथे परीक्षेतल्या गुणांपेक्षा समोरच्याला काय कळतंय ते महत्त्वाचं.

दिले, झाले, पडले

आता बाजारातली तीन वाक्यं एकेक करून सोडवू.

“कसे दिले?” याचं इंग्रजी “हाऊ मच आर दे?” किंवा एका वस्तूबद्दल “हाऊ मच इज इट?” यात देण्याचा संबंधच नाही. “हाऊ डिड यू गिव्ह?” हे मी एका पुणेकर काकांना सिंगापूरच्या बाजारात म्हणताना स्वतः ऐकलंय. विक्रेती बिचारी त्यांच्याकडे बघत राहिली, मग काकांनी बोटाने संत्री दाखवली आणि व्यवहार झाला. “शेवटचं किती लावणार?” हेही असंच. ‘लावणार’ भविष्यात असलं तरी इंग्रजी विचारतं “व्हॉट इज युवर बेस्ट प्राइस?”

“किती झाले?” याचं इंग्रजी “हाऊ मच इज दॅट?” किंवा जरा बेरीज करायची असेल तर “हाऊ मच डज दॅट कम टू?” उत्तर “दॅट्स सेव्हंटी”. गंमत म्हणजे आपल्याकडचे काही दुकानदार ‘झाले’ न म्हणता “सत्तर होतील” म्हणतात, आणि ते इंग्रजीला हुबेहूब जुळतं : “दॅट विल बी सेव्हंटी.” तिकडचे गल्ल्यावरचे लोक हे सर्रास म्हणतात. यातलं ‘विल’ भविष्याचं नसून नरमाईचं आहे, आपल्या ‘होतील’सारखंच. मराठीतून इंग्रजीत सरळ चालत जाणाऱ्या थोड्या वाक्यांपैकी हे एक, तेव्हा ते बिनधास्त वापरा.

“कितीला पडलं?” हे अवघड. एक तर ‘पडणे’ आपल्याकडे दोन कामं करतं. भाव पडले म्हणजे उतरले, आणि वस्तू पाचशेला पडली म्हणजे तेवढा खर्च आला. इंग्रजीत पहिल्याला ‘फॉल’, दुसऱ्याला ‘कॉस्ट’. “प्राइसेस फेल” आणि “इट कॉस्ट मी फाइव्ह हंड्रेड” यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दुसरं म्हणजे ‘कॉस्ट’चं भूतकाळी रूपही ‘कॉस्ट’च. त्याला शेपूट लागत नाही. ‘कॉस्टेड’ हा शब्द आहे, पण तो अंदाजपत्रक मांडणाऱ्यांचा : एखाद्या पुलाचा खर्च किती येईल याचा हिशेब केला, या अर्थाने. साडी कधीही ‘कॉस्टेड’ होत नाही.

मग रूप सारखंच असताना काळ कळणार कसा? वर्तमानात वस्तू एक असेल तर ‘कॉस्ट्स’, शेवटी स येतो. भूतकाळात तो स नाही. “धिस साडी कॉस्ट्स टू थाउजंड” म्हणजे आज दुकानात तिची किंमत दोन हजार आहे. “धिस साडी कॉस्ट टू थाउजंड” म्हणजे मी घेतली तेव्हा दोन हजार पडले. एका स वर सगळं आहे, आणि मराठी जिभेवरून तो स नेमका निसटतो. बोलताना भीती वाटत असेल तर सरळ “आय पेड टू थाउजंड फॉर इट” म्हणा. ‘पेड’मध्ये संदिग्ध काही उरत नाही. मी तर फोनवर ‘कॉस्ट’ टाळतेच.

प्रश्न विचारतानाही तेच. मैत्रिणीच्या हातातल्या फोनबद्दल “हाऊ मच डिड इट कॉस्ट?” म्हणजे तुला कितीला पडला. “हाऊ मच डज इट कॉस्ट?” म्हणजे सध्या बाजारात कितीला आहे. दोन्ही बरोबर, विचारायचं काय ते आधी ठरवा. तिने तो सेलमध्ये घेतला असेल तर दोन्हींची उत्तरं निराळी येतील.

‘आहे’ दिसलं की ‘इज’ लिहायचं नाही

आमच्याकडे नवीन मुलं येतात त्यांच्या मेलमध्ये हमखास सापडणारी चूक ही. “भाव वाढला आहे” याचं ते करतात “द रेट इज इन्क्रीज्ड”. आहे म्हणून इज. पण मराठीत ‘वाढला आहे’ची जी भावना आहे, म्हणजे वाढ मागे झाली आणि तिचा परिणाम आता समोर आहे, ती इंग्रजीत ‘हॅज’ने येते : “द रेट हॅज इन्क्रीज्ड”, किंवा बोलीत “हॅज गॉन अप”. अनेकवचन असेल तर ‘हॅव’. “हॅज रेझ्ड” मात्र नको. रेझ म्हणजे कुणीतरी वाढवणं, आपोआप वाढण्याला राइझ, रोझ, रिझन. तीन रूपं लक्षात राहत नसतील तर ‘गॉन अप’वर भागवा, कुणी नाव ठेवणार नाही.

याच ‘आहे’चा दुसरा सापळा ‘पासून’मध्ये आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यांत खोल आहे, कारण मराठीत तिथे काही खटकतच नाही. “दिवाळीपासून भाव तोच आहे.” स्वच्छ वर्तमानकाळ. इंग्रजीत “द प्राइस इज द सेम सिन्स दिवाली” चालत नाही. मागे सुरू होऊन आजवर आलेली गोष्ट तिथे “हॅज बीन द सेम सिन्स दिवाली” अशीच सांगावी लागते. सिन्स दिसलं की वाक्यात हॅज किंवा हॅव आहे का ते शोधायचं, नसेल तर थांबायचं. मी हे मेल पाठवण्याआधी शोध-पेटीत ‘सिन्स’ टाकून तपासते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मुंबईच्या रिक्षाचं उदाहरण घ्या. किमान भाडं २३ रुपये होतं, १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ झालं. हे तिकडच्या पाहुण्याला सांगायचं तर : “इट वॉज २३. इट वेंट अप टू २६ ऑन फर्स्ट फेब्रुवारी २०२५. इट हॅज बीन २६ सिन्स देन.” पहिलं वाक्य मेलेल्या भावाचं, दुसरं बदलाच्या दिवसाचं, तिसरं चालू भावाचं. अर्थात तिसरं वाक्य पुन्हा भाडेवाढ होईपर्यंतच खरं, त्या दिवशी तेही ‘वॉज’मध्ये जमा होईल.

दुसऱ्या वाक्यात ‘वेंट अप’ का आणि ‘हॅज गॉन अप’ का नाही? कारण तारीख दिली. मराठीत “काल भाव वाढलेत” आपण सहज म्हणतो. इंग्रजीत काल, गेल्या आठवड्यात, तारीख, साल असं काही ठोस आलं की हॅज-हॅव बाहेर. “प्राइसेस हॅव गॉन अप यस्टरडे” ही चूक मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या मेलमध्येही पाहिली आहे. एक तर तारीख ठेवा, नाही तर हॅव ठेवा.

सरावाला आपलाच कांदा

काळांचा सराव पाठ्यपुस्तकातल्या आंब्या-केळ्यांवर करण्यापेक्षा निर्यातीच्या नियमांवर करा. तिथे गेल्या काही वर्षांत इतके बदल झाले की व्याकरणाचं आख्खं पुस्तक तयार होईल. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ ला ते २० टक्केही गेलं.

त्या दीड-पावणेदोन वर्षांत लासलगावच्या भावापेक्षा जास्त वेळा आमच्या मेलमधली क्रियापदं बदलली. मे २०२४ च्या मध्यावर लिहायचं होतं “द मिनिमम एक्स्पोर्ट प्राइस इज ५५० डॉलर्स”. १४ सप्टेंबरला तेच वाक्य झालं “द मिनिमम एक्स्पोर्ट प्राइस वॉज ५५० डॉलर्स अंटिल यस्टरडे”. मार्च २०२५ मध्ये पुढच्या महिन्याचं सांगायचं तर “द ड्यूटी विल बी रिमूव्ह्ड फ्रॉम फर्स्ट एप्रिल”, किंवा ठरलेली तारीख असल्यामुळे “द ड्यूटी एंड्स ऑन फर्स्ट एप्रिल” असं साध्या वर्तमानकाळातही चालतं. रेल्वेच्या वेळापत्रकासारखं : गाडी सुटायची असते उद्या, पण आपण म्हणतो सातला सुटते.

इथेच ‘हॅड’चा खरा उपयोगही दिसतो. “बाय द टाइम द बॅन वॉज लिफ्टेड, द बायर हॅड साइन्ड विथ समवन एल्स.” बंदी उठली ती मागची गोष्ट, आणि पार्टी दुसरीकडे गेली ती त्याच्याही आधीची. मागच्या घटनेच्या मागे जायचं असेल तेव्हाच हॅड.

आपण मात्र तो कुठेही लावतो, कारण मराठीत “आम्ही ४८० सांगितला होता” हे अगदी सरळ वाक्य आहे. “वी हॅड कोटेड ४८०” लिहिलं की इंग्रजी वाचणारा पुढच्या ‘पण’ची वाट बघतो : सांगितला होता, पण आता काय? ‘पण’ असेल तर खुशाल लिहा. नसेल तर “वी कोटेड ४८०” एवढंच पुरे. ज्यांच्या मेलमध्ये दर दोन ओळींनी हॅड असतो त्यांनी एकदा सगळे हॅड पुसून वाक्यं वाचून बघावीत. दहातले आठ परत घ्यावेसे वाटणार नाहीत.

‘वुड’चा आजार

हा मराठीचा दोष नाही, आपल्याकडच्या एकूण ऑफिशियल इंग्रजीचा आहे. ‘विल’ जरा उद्धट वाटतं म्हणून आपण ‘वुड’ लिहितो : “द प्राइस वुड बी ५२० डॉलर्स.” आपल्याला वाटतं अदबीने सांगितलं. समोरच्याला वाटतं, असेल म्हणतोय, म्हणजे अजून नक्की नाही. ‘वुड’मध्ये एक न बोललेली अट असते, जर तुम्ही घेतलंत तर, जर जहाज मिळालं तर. चौकशी करताना तो शोभतो : “हाऊ मच वुड इट कॉस्ट टू शिप टू कंटेनर्स?” अजून पाठवायचं ठरलेलं नाही, म्हणून वुड बरोबर. पण कोटेशन देताना ‘इज’ किंवा ‘विल बी’. अदब दाखवायची असेल तर ती ‘प्लीज’ आणि ‘थँक यू’मध्ये दाखवा, किमतीत नको.

अटीवरून आठवलं. “दोन कंटेनर घेतले तर ४७० ला देऊ.” यातलं ‘घेतले’ पुन्हा फसवं आहे. “इफ यू टूक” लिहिलं तर ‘तुम्ही काही घेणार नाही, पण समजा घेतलंच’ असा सूर लागतो, गिऱ्हाइकाला तो आवडायचा नाही. “इफ यू टेक टू कंटेनर्स, द प्राइस इज ४७०.”

‘इज कॉस्टिंग’ आणि इतर किरकोळ

“इट इज कॉस्टिंग फाइव्ह हंड्रेड” हे आपल्या देशात इतकं रुळलंय की कानाला खुपत नाही. बाहेर खुपतं. वस्तूची किंमत ही तिची स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नाही, म्हणून “इट कॉस्ट्स”. चालू रूप शोभतं ते पैसा अजून वाहतोय अशा ठिकाणी : घराची डागडुजी सुरू आहे आणि दर आठवड्याला खर्च निघतोय, तेव्हा “द रिपेअर्स आर कॉस्टिंग अस अ लॉट”. भाव वाढतोय, उतरतोय ही मात्र खरीच क्रिया आहे, तिथे “इज गोइंग अप”, “आर फॉलिंग” हवंच.

“पूर्वी वडापाव दोन रुपयांना मिळायचा” यातल्या ‘मिळायचा’साठी “वॉज कॉस्टिंग” नको, “यूज्ड टू कॉस्ट”. त्यात ‘आता तसं नाही’ हेही आपोआप येतं.

वर्तमानपत्रांचे मथळे बघून काळ शिकू नका. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा इंग्रजी मथळ्यांच्या धाटणीत ते “पेट्रोल क्रॉसेस १००” असंच बसतं, वर्तमानकाळात. मथळ्याला ती मुभा आहे. बातमीच्या आत आणि तुमच्या मेलमध्ये ‘क्रॉस्ड’.

आणि इंग्रजीतही एक खोटा भूतकाळ आहे, तो ऐकू आला तर बिचकू नका. भाव सांगून दोन मिनिटं झाल्यावर समोरचा विचारतो, “सॉरी, व्हॉट वॉज द प्राइस अगेन?” त्याला भाव मोडलाय असं म्हणायचं नसतं, तो फक्त तुम्ही मघाशी सांगितलेलं पुन्हा विचारतोय. आपण “किती म्हणालात?” म्हणतो तसंच. उत्तर देताना तुम्ही मात्र ‘इट्स ४८०’ म्हणा, त्याच्या ‘वॉज’मागे जाऊ नका.

चुकीचा मेल गेलाच असेल तर

लांबलचक माफीनामा लिहू नका. त्यात पुन्हा चार ‘हॅड’ आणि तीन ‘वुड’ येतील. जुन्या मेलमधलं वाक्य उलगडून सांगत बसू नका, त्याने शंका वाढते. त्याच धाग्यात, लगेच, दोनच वाक्यं पाठवा : “टू कन्फर्म, अवर प्राइस इज ४८० डॉलर्स पर टन. धिस प्राइस इज व्हॅलिड अंटिल फ्रायडे.” मुदतीची तारीख नक्की घाला. ती असली की वरच्या मेलमध्ये वॉज होतं की इज, याच्याकडे कुणी बघत नाही. आमच्या कोटेशनच्या नमुन्यात आता ही दोन वाक्यं कायमची टाकून ठेवली आहेत, फक्त आकडा आणि वार बदलायचा. शेठ अजूनही गाडीतून “होता”च सांगतात.